प्लगमध्ये खोचायचा वॉटमीटर: बाकी सगळं दाखवतो, ओहम तेवढा आपण काढायचा

आधी वस्तू कोणती ते सांगते, कारण दुकानात नीट नाव सांगितलं नाही तर भलतंच काहीतरी गळ्यात मारतात. तळहाताएवढा पांढरा डबा आहे. मागे तीन पिना, पुढे सॉकेट, वर छोटीशी काच आणि काचेखाली तीन बटणं. भिंतीतल्या पॉवर पॉइंटमध्ये हा खोचायचा आणि याच्यात गिझर, इस्त्री, फ्रिज, जे असेल त्याची पिन खोचायची. मग एकेक बटण दाबत गेलं की व्होल्ट, अँपिअर, वॉट, पॉवर फॅक्टर, किती युनिट जळाले आणि दर भरून ठेवला असेल तर किती रुपये झाले, हे सगळं दिसतं. कोणी याला एनर्जी मीटर म्हणतं, कोणी वॉटमीटर. नुसतं "मीटर द्या" म्हणालात तर सबमीटर काढून ठेवतील समोर.

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घराच्या वरच्या दोन मजल्यांवर मी कॉलेजच्या मुली ठेवते. बहुतेक वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या. कोण आटपाडीची, कोण जतची, कोण कवठेमहांकाळची. मी गावावरूनच हाक मारते आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. भाडं, पाणी, जेवण यावरून आमचं कधी वाजत नाही. वाजतं ते लाईट बिलावरून. थंडी पडली की सकाळी साडेपाचपासून पाणी तापवायच्या रॉडची रांग लागते, महिन्याअखेरीस बिल येतं, आणि मग "काकू, माझा रॉड तर दहाच मिनिटं असतो" हे प्रत्येकीचं. खरं-खोटं करायला एक यंत्र आणावं, एवढ्याच हिशोबाने मी हा घेतला.

घेतला तो हरभट रोडच्या बाजूच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून. तेराशे म्हणाले, अकराशे पन्नासला दिला. ऑनलाइन शे-दोनशे कमी पडले असते, पण दुकानदार दादांनी डबा फोडून, काउंटरवरच्या बल्बला लावून, चालतो का ते दाखवून दिला. हे मला जास्त मोलाचं वाटतं. त्या दुकानात २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून ठेवली आहे, माझ्या डोक्याच्या बरीच वर. तेव्हा खालच्या रॅकमधला सगळा माल गेला. आता मोटारी आणि वायरची बंडलं माळ्यावर, आणि खाली फक्त प्लास्टिकचे बोर्ड आणि पाइप.

आता मीटरकडे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, हे मला दुकानातच दिसलं.

पहिली गोष्ट, तो खरं बोलतो का? हे तपासायला दुसरं यंत्र लागत नाही. आपल्या घराच्या मेन मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. माझ्या मीटरवर ३२०० इंपल्स असं छापलेलं आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दुपारी पोरी कॉलेजात असताना घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि बादलीत एक रॉड लावला. घड्याळ धरून मोजलं तर मिनिटाला ७० लुकलुक. ७० ला ६० ने गुणलं की तासाचे ४२००, त्याला ३२०० ने भागलं की १.३१ युनिट, म्हणजे १३१० वॉट. वॉटमीटर १३०६ दाखवत होता. अकराशे रुपयांत यापेक्षा जास्त खरेपणा मागणं बरं नव्हे. त्या एका परीक्षेत तो पास झाला, म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

पण पहिल्याच आठवड्यात त्याने घरात भांडण लावलं. आटपाडीवालीचा रॉड चांगल्या कंपनीचा, डब्यावर १५०० वॉट. सकाळी मीटरला लावला तर १२३९. ती म्हणाली, "काकू, फसवलं मला." जतवालीचा रॉड रस्त्यावरच्या गाड्यावरचा, २००० वॉट लिहिलेला. तिचा आला १०३४. ती म्हणाली, "तुमचं मीटरच खोटं आहे." आणि दोघी मिळून माझ्याकडे बघायला लागल्या.

अशा वेळी वॉटकडे बघायचंच नाही. हे मला माझ्या जुन्या विज्ञानाच्या वहीने नाही, तर वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या कवठेमहांकाळवालीने सांगितलं, आणि आता मी ते येईल त्याला सांगते. वॉट हा नुसत्या रॉडचा आकडा नाही. तो रॉड आणि त्या घडीचं व्होल्टेज, दोघांचा मिळून आहे. डब्यावर १५०० छापतात ते २३० व्होल्ट धरून. सकाळी आमच्याकडे २३० कुठलं? सगळ्या विश्रामबागेचे गिझर एकाच वेळी चालू. मग रॉडचा स्वतःचा, न बदलणारा आकडा कोणता? त्याचा रोध, म्हणजे तो करंटला किती अडवतो ते. हा रोध ओहममध्ये मोजतात. तो मिळवायला मीटरवरचे दोन आकडे घ्यायचे आणि व्होल्टला अँपिअरने भागायचं. संपलं.

आटपाडीवालीचा रॉड: सकाळी २०९ व्होल्ट, ५.९३ अँपिअर. भागाकार ३५.२. तोच रॉड दुपारी लावला: २२८ व्होल्ट, ६.४६ अँपिअर. भागाकार पुन्हा ३५.३. वॉट मात्र सकाळी १२३९ आणि दुपारी १४७३. ओहम जागचा हलला नाही. आता १५०० वॉटच्या रॉडचा ओहम किती हवा? २३० चा वर्ग म्हणजे ५२,९००, त्याला १५०० ने भागा, ३५.३. रॉड शंभर नंबरी. कंपनीने एक वॉटही खाल्लेला नाही.

जतवालीचा: २११ व्होल्ट, ४.९० अँपिअर, म्हणजे ४३ ओहम. आता उलटं जा. ५२,९०० ला ४३ ने भागलं की १२३०. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरी हा रॉड १२३० च्या वर जाणार नाही. २००० वॉटचा असता तर ओहम साडेसव्वीस यायला हवा होता. गाड्यावाल्याने सरळ टोपी घातली होती. पोरगी बिचारी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे काकू, माझं बिल तर कमी येत असणार ना?"

प्रश्न हुशारीचा होता, आणि उत्तर 'नाही' असं आहे. बादलीभर पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढीच लागते, मग ती कुठल्याही रॉडने द्या. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं तर गणिताने ०.४४ युनिट. मीटरवर आटपाडीवालीच्या बादलीला ०.४६ आले, जतवालीच्या ०.४७. फरक पडला तो वेळात. एकीची बादली २२ मिनिटांत, दुसरीची जवळजवळ २७. रॉड जितका मंद तितकी बादली जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढी वाफ वाया जाते, एवढाच वरचा तो ०.०१. तेव्हा खोटा रॉड विकणाऱ्याने किमतीत फसवलं, बिलात नाही. आणि व्होल्टेज कमी असलं की "लाईट जास्त खातं" हे जे सगळे म्हणतात, ते रॉड-गिझर-इस्त्रीच्या बाबतीत खरं नाही. नुसतं उशिरा तापतं.

या एका गोष्टीने आमचं भांडण मिटलं. आता एक बादली म्हणजे अर्धा युनिट धरतो, युनिटचा दर १२ रुपये मीटरमध्ये भरून ठेवला आहे, बादलीला ६ रुपये. कोणाचा रॉड कितीचा हे विचारायचं कारणच उरलं नाही. पूर्वी "२००० वाली" म्हणून जतवालीकडून बाकीच्या पोरी जास्त पैसे मागत होत्या, ते बंद झालं.

(एक सूचना इथेच देऊन टाकते. १५०० वॉटचा रॉड २३० वर साडेसहा अँपिअर ओढतो. आपल्या खोल्यांमधले छोटे सॉकेट सहा अँपिअरचे असतात. रॉडला मोठी पिन असते ती काही शोभेला नाही. ती बारीक सॉकेटात बसावी म्हणून जे कन्व्हर्टर मिळतात ते माझ्या घरात मी सापडतील तिथे जप्त करते.)

आता जिथे हा भागाकार चालत नाही ते सांगते, नाहीतर तुम्ही घरभर व्होल्ट भागिले अँपिअर करत फिराल आणि गोंधळाल.

फ्रिजला मीटर लावला. २२१ व्होल्ट, ०.९३ अँपिअर. गुणाकार केला तर २०५ यायला हवेत. मीटर म्हणतो १२१ वॉट. बिघडला का? नाही. शेजारच्या बटणावर पॉवर फॅक्टर ०.५९ दिसत होता, आणि २०५ ला ०.५९ ने गुणलं की १२१ च येतात. फ्रिजमध्ये मोटर आहे. मोटरच्या गुंडाळीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, दोघांचे चढउतार जुळत नाहीत, म्हणून जो करंट येतो तो सगळा कामाला लागत नाही. थोडा नुसताच येऊन परत जातो. घरगुती बिल वॉटच्या युनिटांवर येतं, त्यामुळे त्या येण्या-जाण्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत, पण वायर मात्र पूर्ण ०.९३ अँपिअरने तापते. तेव्हा व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट हे फक्त रॉड, गिझर, इस्त्री, जुना पिवळा बल्ब यांच्यासाठी. नुसता क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर, घेऊन अँपिअर मोजणारे वायरमन फ्रिजला "दोनशे वॉट खातोय" म्हणून सांगून जातात, ते यामुळेच. इथे हा डबा क्लॅम्प मीटरपेक्षा सरस आहे, निर्विवाद.

आणि मोटरचा ओहम अशा भागाकाराने काढायचाच नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, त्यामुळे आत तार केवढी आहे याचा पत्ता लागत नाही. गावाकडे विहिरीवर बघा, व्होल्टेज पडलं की पाण्याच्या मोटरचा अँपिअर कमी न होता वाढतो आणि मोटर जळते. रॉडचं बरोबर उलटं. हे ज्याला कळलं त्याने आपलं रिवाइंडिंगचं बिल वाचवलं.

मिक्सरची वेगळी तऱ्हा. वर ७५० लिहिलंय, रिकामा फिरवला तर त्याच्या निम्माही नाही. खोबरं-लसणाचं वाटण घट्ट झालं की आकडा चढत जातो. ते बघत बसायला मजा येते, उपयोग काही नाही.

बल्बचा किस्सा मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. माळ्यावर जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब होता. कवठेमहांकाळवालीने आपला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचं छोटं यंत्र, त्याच्या बुडाला लावला, काढलेल्या बल्बला बरं का, चालू नव्हे. ३८ ओहम. मी भागाकार केला, ५२,९०० भागिले ३८, तर १३९० वॉट! बल्ब आहे का गिझर? मग तोच बल्ब होल्डरला लावून या वॉटमीटरवर पेटवला. २२२ व्होल्ट, ०.४२५ अँपिअर. भागाकार ५२२. थंड असताना ३८, पेटल्यावर ५२२, तार तीच. टंगस्टन तापून पांढरी होते तेव्हा तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडतात, याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी मिळालं. पहिल्या क्षणी थंड तारेतून पाच-सहा अँपिअर धावतात. रॉड आणि गिझरच्या कॉइलची तार निक्रोमची, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून तिथे आपला हिशोब जमतो. हा ओहम नावाचा जर्मन गृहस्थ शाळामास्तर होता आणि त्याने आपला नियम १८२७ साली छापला, हेही त्याच मुलीने सांगितलं. तोही तारेच्या तापमानामुळे हैराण झाला असणार, मला खात्री आहे.

'झिरो' बल्बचंही बघून घ्या. देवघरातला झिरोचा जुना बल्ब शून्य खातो असं आमच्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या. मीटरवर १४ वॉट. रात्रंदिवस ठेवला तर महिन्याला १० युनिट. आता तिथे अर्ध्या वॉटचा एलईडी आहे आणि देवाची काही तक्रार नाही. हॉलमधला सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही ११ वॉट खात बसलेला निघाला, महिन्याचे जवळपास ८ युनिट. बिल दुसऱ्या स्लॅबमध्ये ढकलणारे हे असले छोटे चोर शोधायला डबा उत्तम.

पण माझे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते गिझरवर, आणि हे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या मजल्यावरचा गिझर पाणी नीट तापवत नाही अशी तक्रार होती. वायरमन आले, बघितलं न बघितलं केलं, म्हणाले, "काकू, कॉइल गेलीया ह्याची. नवीनच घ्या, किती दिवस ओढताय?" गिझर २००० वॉटचा. त्याचं सॉकेट बाथरूमच्या बाहेर आहे, म्हणून तिथे मीटर लावता आला. बाथरूमच्या आत हा डबा कधीही लावू नये. गिझर बंद असताना २२४ व्होल्ट. चालू केला, २१३ व्होल्ट, ८.०५ अँपिअर, १७१५ वॉट. भागाकार: साडेसव्वीस ओहम. २००० च्या गिझरला जो हवा तोच, दशांशासकट. कॉइलला काहीही झालेलं नव्हतं.

मग डोळ्यात आलं ते वरचं. बंद असताना २२४ आणि चालू केल्यावर २१३? मधले ११ व्होल्ट कोणी खाल्ले? गिझर चालू ठेवून कवठेमहांकाळवालीला मल्टिमीटर घेऊन खाली मेन बोर्डाजवळच्या सॉकेटवर पाठवलं. ती खालून ओरडली, "काकू, २२०!" म्हणजे ४ व्होल्ट रस्त्यावरच्या लाइनीत पडतात, त्याला आपण काही करू शकत नाही. पण मेन बोर्ड ते गिझर या आमच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये ७ व्होल्ट. ७ भागिले ८.०५, म्हणजे ०.८७ ओहम. व्होल्टेज आपसूकही हलत असतं म्हणून हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आकडा तिथेच येत होता.

आता ०.८७ जास्त की कमी? वायर अडीच एमएमची तांब्याची. त्या वायरीचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम, हे वायरच्या कंपन्या आपल्या तक्त्यात छापतातच. मेन बोर्डापासून गिझरपर्यंत वीस मीटर, जायची एक आणि यायची एक म्हणून चाळीस मीटर धरायचे. ०.३ ओहम झाला. उरलेला ०.५७ ओहम वायरीचा नाहीच. तो कुठल्यातरी सांध्यात बसला आहे. आणि वॉट काढायचे तर अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम: ८.०५ चा वर्ग ६४.८, त्याला ०.५७ ने गुणलं, ३७ वॉट. सोल्डरिंग करायची लोखंडी नळी असते ना, ती २५ वॉटची असते. तिच्या दीडपट आंच माझ्या भिंतीत, प्लास्टिकच्या डब्यात, रोज सकाळी पेटत होती.

वायरमनना पुन्हा बोलावलं. आकडे सांगितले तर हसले. "काकू, आकड्यानं काय हुतंय?" म्हटलं, गिझर राहू दे, मधले सगळे बोर्ड उघडा. जिन्यातल्या बोर्डाचं झाकण काढलं आणि त्यांचंच हसू गेलं. दोन वायरी नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या, वर टेप. टेप वितळून काळी लाख झालेली, तांबं जांभळं पडलेलं, आणि मागचं प्लास्टिक बुडबुडे येऊन फुगलेलं. बोट लावलं तर पापुद्रा निघून आला. "आयला, हितनं धूर कसा निघाला न्हाई अजून," एवढंच म्हणाले. काळं तांबं कापून टाकलं, नवीन कनेक्टर घातला, स्क्रू आवळले. गिझर लावला: २१७ व्होल्ट. पाच-सहा हजारांचा नवा गिझर वाचला हे झालंच, पण मला रात्री झोप लागते ती त्या जिन्यातल्या बोर्डामुळे. एमसीबी का नाही पडला म्हणाल, तर तो जास्त अँपिअर बघून पडतो. इथे अँपिअर उलट किंचित कमीच होता. सैल सांधा एमसीबीला कधी दिसत नाही. दिसतो तो व्होल्टच्या फरकात.

आता उणी बाजू, कारण दुकानदार दादा हे वाचतील आणि म्हणतील काकूंनी नुसतीच आरती ओवाळली.

डब्यावर १६ अँपिअर छापलंय ते मी मानत नाही. गिझर अर्धा तास लावला तर डबा चांगला गरम होतो, कारण पिनांच्या आतली पट्टी पातळ आहे. जो हिशोब जिन्यातल्या सांध्याला लागू तोच यालाही. गिझरसाठी लावायचा, आकडे घ्यायचे, काढायचा. फ्रिजला मात्र महिनाभर खुशाल ठेवा. बारीक आकड्यांत तो ढ आहे: मोबाइलचा चार्जर लावला तर शून्य, एलईडी बल्बवर कधी ३ कधी ०. काचेवरचे अंक मुंगीएवढे आणि मागे उजेड नाही. आमच्याकडे सॉकेट गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे चष्मा लावून, टॉर्च घेऊन, उकिडवं बसून वाचायचं. अंगाने रुंद असल्यामुळे शेजारचा स्विच अर्धा झाकला जातो. सोबतचं माहितीपत्रक चिनी आणि त्याहून अवघड इंग्रजीत, दर कसा भरायचा ते पोरींनीच शोधून काढलं. आणि माझी मुख्य तक्रार: बाकी सगळं दाखवतोस, मग एक ओहमचं बटण द्यायला काय हरकत होती? दोन्ही आकडे तुझ्याकडेच आहेत की रे बाबा. भिंतीवर कॅल्क्युलेटर दोरीला बांधून ठेवायची वेळ आणली.

इस्त्रीचा आकडा घेताना एक लक्षात ठेवा. आत थर्मोस्टॅट असतो, तो टिक करून बंद झाला की मीटर शून्य दाखवतो. इस्त्री थंड असताना लावून पहिल्या मिनिटातच व्होल्ट आणि अँपिअर लिहून घ्या. १००० वॉटच्या इस्त्रीचा ओहम ५३ च्या आसपास यायला हवा, ७५० वालीचा ७० च्या. इंडक्शन शेगडीवर भागाकार करूच नका, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, ती आपल्या मर्जीने करंट ओढते.

कोणी घ्यावा? भाडेकरू असतील, लाँड्री असेल, खानावळ असेल, जुन्या वायरिंगचं घर असेल तर डोळे झाकून घ्या. घरात दोनच माणसं आणि बिल पाचशेच्या आत असेल तर शेजाऱ्याचा मागून आणा, दोन दिवसांत सगळं बघून होतं. घेताना तीन जाड पिनांचा, थेट आपल्या सॉकेटात बसणारा मागा. कुठल्याही देशाचं चालेल अशा भोकांचा जो मिळतो तो घेऊ नका, त्यात पिन सैल बसते आणि सैल पिनेचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. दुकानातच बल्ब लावून बघा, व्होल्ट गुणिले अँपिअर वॉटच्या जवळ येतात का ते मोबाइलवर करून घ्या. पिवळा बल्बच लावायला सांगा, एलईडीवर ते जमणार नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो बारीक अंकांचा आणि पातळ पट्टीचा.

आणि मंगळवारी जाऊ नका, दुकान बंद असतं.